भंडारा लावलेलं कुत्रं

गेल्या हिवाळ्यात माझी कुत्री एक दुपारभर देवाची झाली होती. त्या दुपारी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता आठवलं की हसू येतं, पण ते यायला बरेच दिवस गेले.

तिला सगळे 'बाई' म्हणतात. कुपवाडला माझं छोटंसं वर्कशॉप आहे, रबराची सील आणि वायसर बनवायचं. काही वर्षांपूर्वी एक पांढरं पिल्लू तिथं आलं आणि रबर तापवून दाबायच्या प्रेसच्या मागं उबेला झोपायला लागलं. सकाळी माझ्या आधी तेच दारात हजर असायचं. मोटारसायकलवरून कामाला येणारी पोरं लांबूनच म्हणायची, "बाई आल्यात रं, चला." मला ती मॅडम म्हणतात आणि तिला बाई. दोघींपैकी जास्त धाक कुणाचा, हे मी कधी विचारलं नाही.

डिसेंबरात मोठी प्रेस दुरुस्तीला गेली आणि काम बंद पडलं. दिवाळी सोडली तर मी कधी सुट्टी घेत नाही. हातावर हात ठेवून बसायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं आणि मग ते मी दुसऱ्यांवर काढते. तेव्हा जुनी व्हॅन काढली, मागची सीट काढून ठेवली, एक तंबू मागवला, स्टोव्ह घेतला, पीठ-मीठ घेतलं. डोंगर चढायचे, रानात झोपायचं, आणि फोनवर कुणाचं "माल कधी देताय" ऐकायचं नाही, एवढाच बेत होता.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, "एकटीच निघालीस?"

"एकटी कुठं, बाई आहे की."

"कोण बाई?"

"कुत्री."

त्यानं फोन वहिनीच्या हातात दिला. बाईमाणसानं एकटं फिरायचं म्हटलं की लोकांना आधी बिबट्या आठवतो, मग दारुडे, आणि शेवटी "जेवायचं काय करणार". वहिनीनं क्रम उलटा घेतला, जेवणापासून सुरुवात केली. मी तिला म्हटलं, मला स्वयंपाक येतो, आणि बिबट्याला माझ्या हातचं आवडणार नाही. तिला ते आवडलं नाही.

पहिला मुक्काम सागरेश्वरला करायचा होता. घरापासून जवळ, टेकड्या छान, हरणं आहेत. अभयारण्याच्या फाटकावर वनरक्षकानं व्हॅनमध्ये डोकावून बघितलं. बाईनं त्याला खिडकीतून हात दिला. ही तिची सवय आहे, कुणीही गणवेशातला दिसला की हात पुढं करते.

"मॅडम, तुमी जावा आत. ह्यास्नी न्हाई सोडता यायचं," तो म्हणाला. "नुसता वास लागला तरी हरणं बावरत्यात."

त्याचं खरं होतं, त्यामुळं मला भांडताही येईना. मी फाटकापासून मागं फिरले आणि कुंडलच्या बाजूला ऊस तुटून गेलेल्या एका रानात मालकाला विचारून तंबू टाकला. तंबू कसा उभा करायचा, ते मोबाईलवर बघून तयारी करून गेले होते. मोबाईलमधला माणूस तो एका झटक्यात उभा करतो. माझा उभा राहिला तो पोट सुटलेल्या माणसासारखा, एका अंगाला कलून. रानाचा मालक बांधावरून बघत होता. तो म्हणाला, "ताई, हाय ते बरं हाय, आता हात लावू नका." रात्री पाचटाच्या वासात मी इतकी गाढ झोपले की बरेच महिने तशी झोप लागली नव्हती.

दुसरा मुक्काम साताऱ्याच्या वर, एका तळ्याच्या काठी. तिथं पैसे घेऊन तंबू देतात, निसर्गाच्या कुशीत वगैरे जाहिरात असते, आणि कुत्र्याला मज्जाव नाही. संध्याकाळी कळलं की स्पीकरलाही मज्जाव नाही. पुण्याचं एक मोठं मित्रमंडळ माईक घेऊन गात बसलं होतं. बाईनं थोडा वेळ सहन केलं, मग तोंड वर करून स्वतः सुरू केलं. मंडळ गप्प झालं. सकाळी त्यातलीच एक मुलगी बाईसोबत फोटो काढायला आली, म्हणजे राग नव्हता कुणाचा. पण मला शांतता हवी होती. म्हणून हायवेनं खाली आले, पेठनाक्याला वळले आणि शिराळ्याच्या पुढं डोंगराकडं निघाले.

तिथं एका डोंगरावर खंडोबाचं छोटं देऊळ आहे, असं कुंडलच्या त्या रानमालकानंच सांगितलं होतं. पायथ्याच्या गावात व्हॅन लावली. देवळाकडं जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी एक पाटी होती. 'या भागात बिबट्याचा वावर आहे. सायंकाळनंतर एकट्याने फिरू नये.' वहिनीची आठवण आली. मी पाटीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं. सकाळची वेळ होती. बाईचा पट्टा घट्ट केला आणि चढायला लागले.

चढण चांगली होती. आधी करवंदीच्या जाळ्या, मग नुसता कातळ. खाली उसाचे हिरवे तुकडे आणि त्यातून जाणारी नदी दिसत होती. बाई पुढं जायची, वळून माझ्याकडं बघायची, मी धापा टाकत पोचले की पुन्हा पुढं. वर पोचलो तर देवळात बरीच माणसं. रविवार होता, खंडोबाचा वार. मी वार विसरले होते, सुट्टीत एवढं एक बरं होतं.

पायरीशीच पुजाऱ्यानं अडवलं. मला वाटलं, झालं, इथंही कुत्र्याला बंदी. पण म्हातारा उलटंच बोलला.

"आवं ताई, पट्टा काढा त्येचा. खंडोबाच्या पायरीवर कुत्र्याला बांधत न्हाईत."

खंडोबाबरोबर कुत्रं असतं, हे आपल्याकडं लहान पोराला माहीत असतं. त्या डोंगरावर तर रविवारी आलेल्या कुत्र्याला माणसाच्या आधी दर्शन. मी पट्टा काढला आणि खिशात घातला. पट्ट्याला पितळी बिल्ला आहे, त्यावर माझा फोन नंबर. पुजाऱ्यानं मूठभर भंडारा घेतला, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणाला आणि बाईच्या कपाळापासून शेपटीपर्यंत पिवळा पट्टा ओढला. पांढरी कुत्री, त्यावर ती हळद. बायकांनी तिच्या पाया पडायला सुरुवात केली. कुणी खोबरं दिलं, कुणी गूळ. बाई अशी बसली होती की वर्कशॉपमध्ये आम्ही तिला उगाचच नुसती कुत्री समजत होतो असं वाटावं.

मलाही फुशारकी आली, खोटं कशाला बोलू. मी फोटो काढले, वहिनीला पाठवले. आणि उतरताना पट्टा पुन्हा घातला नाही. इतकी देखणी दिसत होती, वर कशाला चामडं अडकवायचं, असं मनात आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अर्ध्या उतरणीवर जाळीतून एक वानर निघालं. बाईनं आयुष्यात वानर बघितलं नव्हतं. कुपवाडला तिच्या ओळखीची जनावरं म्हणजे मांजर, डुक्कर आणि ऑडिटर. ती सुटली. वानर झाडावर गेलं, तिथून दुसऱ्या झाडावर, बाई खालून मागं. मी हाका मारल्या. दोन वळणं तिचा आवाज ऐकू येत होता, मग तोही येईना.

सुरुवातीला मला राग आला. आता ये, दाखवते तुला, असं मी मोठ्यानं म्हणत होते. मग वाटेच्या कडेला बसले, बिस्किटांचा पुडा वाजवला, शिट्ट्या मारल्या. काही नाही. खिशात हात गेला आणि बिल्ल्यासकट पट्टा हाताला लागला. कुणाला ती सापडली तरी कुणाची आहे, हे कळणार कसं? आणि ती खालची पाटी सारखी डोळ्यांपुढं यायला लागली. बिबट्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. कुत्रं मात्र त्याचं आवडतं खाणं, हे त्या भागातलं कुणीही सांगेल. सूर्य मावळायच्या आत ती सापडायला हवी होती. दुसरं काहीच डोक्यात नव्हतं.

डोंगराच्या त्या अंगाला चार-चार घरांच्या वाड्या आहेत. पहिल्या वाडीत एक माणूस वैरण रचत होता. त्याला विचारलं, पांढरी कुत्री बघितली का, अंगावर भंडारा लावलेली.

"आलतं की!" तो म्हणाला. "दूध-भाकरी घातली. पाया पडलो. गेलं पुढं."

"मग धरलं का नाही?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी त्याला देऊळ पाडायला सांगितलं होतं. "आवं ताई, देवाचं कुत्रं कोन धरतंय? रविवार हाय. त्ये आपल्या मनानं येतंय, आपल्या मनानं जातंय."

त्या डोंगरातली रीत मला तिथं कळली. रविवारी भंडारा लावलेलं कुत्रं दारात आलं तर त्याला खाऊ घालायचं, पण अडवायचं नाही, बांधायचं नाही, हाकलायचं तर नाहीच. मी तिला पट्ट्यानिशी सोडली असती तर पहिल्याच माणसानं धरून फोन केला असता. आता ती जिथं जाईल तिथं लोक तिला खायला घालून पुढं पाठवणार होते. आणि पोट भरलेलं असल्यावर ती माझ्याकडं परत कशाला येईल? आधी शिदोरी, मग जेजुरी, असं आपण म्हणतो. हिला शिदोरी जागोजागी मिळत होती.

पुढच्या वाडीकडं जाताना मी "बाई! ए बाई!" ओरडत होते. रानात हरभरा खुरपणाऱ्या तिघीजणी एकदम उभ्या राहिल्या. त्यांना कुत्रीचं सांगितलं तर त्या हसायच्या ऐवजी हळहळल्या. त्यातली एक म्हणाली, तिनं वांग्याच्या भरताबरोबर रोडगा घातला होता. घरी बाई भाकरीत तूप नसलं तर तोंड फिरवते. मी विचारलं, खाल्लं का? "लय आवडीनं," ती म्हणाली. मला त्या भरताचासुद्धा राग आला.

तिसऱ्या वाडीत एक निवृत्त फौजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. अंगात बनियन, डोक्यावर फौजी टोपी. माझं ऐकून घेतलं आणि उठून उभे राहिले.

"हां, टार्गेट इथनं क्रॉस झालंय," ते म्हणाले. "मी दोन अंडी उकडून दिली. खाल्ली, मला शेकहँड केला आनि त्या वड्याच्या बाजूला मूव्ह झालं. पर स्लो. पोट लय फुल व्हतं."

हात दिला म्हटल्यावर माझी खात्री पटली की बाईच. टोपी बघून दिला असणार. मला तिथंच रडू आलं. फौजींनी मान वळवली, खाकरले, आत जाऊन काठी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. "माजा गुडघा साथ देत न्हाई, न्हाईतर आलो असतो. वड्यापलीकडं येकच घर हाय. दिवस हाय तवर जावा. आन तिथंबी न्हाई घावलं तर परत या, पोरांस्नी बॅटऱ्या घिऊन काढतो."

ओढ्याकडं उतरताना सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. ओढ्याच्या काठी ओल्या मातीत एक ठसा दिसला. मी वाकून बघितला. तो कुत्र्याचा की दुसऱ्या कशाचा, ते मला कळेना. मी ठशातली कुणी जाणकार नाही. मी फक्त तिथं उभी राहिले आणि खंडोबाला म्हटलं, तुझी झाली तेवढी पुरे, आता माझी मला दे. नवस बोलायची मला सवय नाही, त्यामुळं बदल्यात काय देऊ, ते सुचलं नाही.

पलीकडं ते एकटं घर होतं. दार बंद, आणि दारात साधारण माझ्याच वयाची एक बाई गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मला बघून ती दचकून उठली. मी धड श्वास न घेता विचारलं, पांढरं कुत्रं, भंडारा लावलेलं, बघितलंत का?

तिनं मागं बंद दाराकडं बघितलं. मग हात जोडले.

"चुकलं माजं, ताई," ती म्हणाली. "म्या कोंडलंय त्येला."

ती भरभर बोलायला लागली. गेल्या महिन्यात तिचं कुत्रं याच अंगणातनं बिबट्यानं उचललं होतं, दिवेलागणीला, डोळ्यांदेखत. दुपारी हे भंडारा लावलेलं कुत्रं आलं आणि उंबऱ्यापाशी आडवं झालं. तिनं पाणी दिलं, पाया पडली, ते जाईल म्हणून वाट बघितली. ते हलेना. ऊन कलायला लागलं तशी तिच्या जिवाची उलघाल सुरू झाली.

"देवाचं हाय, कोंडू ने, मला ठावं हाय की," ती म्हणाली. "पर त्या बिबट्याला हळद कळती व्हय? मग म्या कसंबसं आत घितलं आन कडी लावली. तवापास्नं हितं बसलीया. पाप लागंल म्हून चूलबी न्हाई पेटिवली. तुमी देवळातनं आलाय न्हवं? पुजारीबाबानं धाडलंय?"

"नाही हो," मी म्हटलं, "माझी कुत्री आहे ती. कुपवाडची. पट्टा मीच काढला."

"तुमची?"

"माझीच."

"देवाची न्हाई?"

"नाही. वर्कशॉपमध्ये असते."

तिनं पुन्हा एकदा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. मग ती उंबऱ्यावर मटकन बसली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. "लय बरं झालं, बया," ती म्हणाली. "लय म्हंजे लय बरं झालं." तिच्या शेजारी मीही बसले. दार उघडायचं अजून बाकी होतं, पण आत ती आहे, जिवंत आहे, एवढं कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला होता आणि मला घटकाभर तसंच बसावंसं वाटत होतं. दोघी आपापल्या सुटकेत बसलो होतो. बिबट्यापासून वाचवल्याबद्दल मी तिचे आभार मानायला हवे होते. मी तिचा हात धरला, एवढंच जमलं.

मग तिनं उठून कडी काढली.

आत अंधुक होतं. भिंतीकडेला नवीकोरी वाकळ घडी घालून ठेवलेली असावी, आता ती पसरली होती, आणि तिच्यावर मधोमध बाई उताणी पडली होती. पोट नगाऱ्यासारखं. अर्धा भंडारा वाकळेला लागला होता. पुढच्या पायांशी एका चपलेचा अंगठा पडला होता, बाकीची चप्पल कुठं गेली ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला बघून तिनं शेपटी दोनदा आपटली. उठायचे कष्ट घेतले नाहीत.

मी ठरवलं होतं, सापडली की आधी एक धपाटा घालायचा. दुपारभर मनात त्याचीच जुळवाजुळव केली होती. आता हात उचलेना. मी तिथंच जमिनीवर बसून तिच्या त्या भरताचा वास येणाऱ्या तोंडाला तोंड लावून रडले.

घरमालकीण माझ्या मागं उभी होती. कडी लावल्यापासून ती दाराच्या फटीतून बघत होती म्हणे. वाकळ लेकीच्या बाळंतपणासाठी शिवलेली. चप्पल या दिवाळीची. कुत्रं वाकळ ओढतंय, हे दिसत होतं, चप्पल चावतंय, हेही दिसत होतं, आणि ती बाहेरून हात जोडून, "देवा, तुजंच हाय, घे," म्हणत होती. आता तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, जणू शेवटचं विचारून घेतेय. मी मान हलवली.

तशी तिनं पदर खोचला, उरलेली दुसरी चप्पल उचलली आणि बाईच्या पाठीवर फाडकन ओढली.

"ऊठ भवाने! लेकीच्या वाकळंवर लोळतीस व्हय? उतर खाली!"

माझ्या कुत्रीवर कुणी नुसता आवाज चढवला तरी मी भांडायला उठते, सगळं कुपवाड सांगेल. त्या संध्याकाळी मात्र ती चप्पल बघून मला इतकं बरं वाटलं की मी हसतच सुटले, आणि घरमालकीणही चप्पल हातात धरून हसायला लागली. चूल पेटवायला हवी, म्हणाली, सकाळपासून पोटात काही नाही. बाई मुकाट्यानं वाकळेवरून खाली उतरली.